पेडलमागचा पाटा

आज सकाळी आईने पाटा मागितला.

आगोटीचे दिवस आले की तिला पाट्यावर वाटलेलीच चटणी लागते. मिक्सरच्या चटणीला ती लगदा म्हणते. मी आतल्या खोलीत गेले, टेबलाखाली शिरले आणि भिंतीला टेकलेला पाटा दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला. गेलं वर्षभर तो तिथेच होता, माझ्या पेडलांच्या मागे. त्याच्याखालची फरशी नव्यासारखी निघाली आणि भोवती धुळीची चौकट. ती पुसायला फडकं घेतलं खरं, पण पुसवेना. तशीच उकिडवी बसून राहिले. बाहेरून आईची हाक आली, "पाटा आणते, का तिथंच गाडी चालवायला बसली?"

बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. सुक्या बोंबलांच्या गोण्या, जवळ्याची पोती, वाकट्यांच्या जुड्या आणि दाराशी खाऱ्या माशांच्या पाट्या. पावसात होड्या बंद, मावरं म्हणजे ताजी मासळी बंद, म्हणून त्याआधी तलासरी, उधवा, वेवजीकडची माणसं चार महिन्यांचं सुकं घरात भरून ठेवतात. तीच आगोट. हा वास ज्यांना सहन होत नाही त्यांची मला कीव येते. मला या वासाने भूक लागते, आणि गेल्या वर्षापासून थोडं रडूही येतं. गेल्या वर्षीच्या त्या दिवसांना आमच्या घरात 'प्लास्टरचा पावसाळा' म्हणतात. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे 'म्हणतात' म्हणजे मी म्हणते आणि आई मान हलवते.

मी डहाणूतल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. सकाळी आठ ते चार. चारनंतर मी गाडी चालवते, म्हणजे टेबलासमोर बसून चालवते. वापीच्या एका माणसाने लग्न ठरल्यावर आपलं स्टिअरिंग आणि पेडलं विकायला काढली, ती मी घेतली. आईच्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलाला स्टिअरिंग करकचून आवळलं, पेडलं खाली फरशीवर मांडली आणि समोर टीव्ही ठेवला. पडद्यावर ट्रॅक, कानात इंजिन, हातात थरथरणारं चाक. वळणावर टायर घसरायला लागले की ते चाक हातात हलकं पडतं, कडेच्या खडबडीत पट्टीवर गेलं की झटके देतं. शेजारी विचारतात तेव्हा मी 'गाडी शिकायचं मशीन' असं सांगते. चौतीस वर्षांची बाई कामावरून येऊन शर्यतीचा गेम खेळते हे ऐकलं की लोक माझ्याकडे बघतच नाहीत, आईकडे दयेने बघतात.

गेल्या आगोटीला मी स्वतःला फार भारी ड्रायव्हर समजत होते. शर्यतीच्या गाडीत माणूस पहिली गोष्ट शिकतो ती म्हणजे ब्रेक उशिरा मारायचा आणि जोरात मारायचा. त्याच्या पुढचं शिकायला धीर लागतो, तो माझ्याकडे नव्हता. त्याच सुमारास मी एक जुनी छोटी गाडी घेतली, खरीखुरी, आणि आईला म्हटलं, आता टेम्पोची वाट बघायची नाही, तलासरीच्या बाजाराला मी सोडणार. आई इतकी खूश की सगळ्या वस्तीला सांगून आली.

बाजाराच्या दिवशी सकाळी घाई झाली. आई सांगत होती, "जड पाट्या मध्ये घे, सीटच्या पायाशी." मी सगळ्या खाऱ्या पाट्या डिकीत कोंबल्या, मागच्या सीटवर बोंबलांच्या गोण्या रचल्या आणि उरलेल्या फटीत आई बसली, एक हात गोणीवर ठेवून. ती पुढे बसत नाही. माल मागे आणि आपण पुढे, हे तिला पटत नाही. चारोटीला हायवेला लागताना समोरचा टँकर अचानक थांबला. मी गेममध्ये मारते तसा ब्रेक मारला. गाडी टँकरपासून वीतभर अंतरावर थांबली. मी उतरले, पुढे जाऊन बघितलं, कुठे लागलं नव्हतं. मागे आई दोन सीटांच्या मधल्या जागेत, गोण्यांखाली, डाव्या मनगटावर पडली होती.

तिच्या मनगटाचा एक्स-रे मीच काढला. रोज शंभरदा म्हणते ते 'हलू नका' तिला म्हणताना माझाच आवाज हलला. फिल्मवर हाडाची ती रेघ बघितली आणि मला कळलं की या बाईची आगोट गेली.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. आठवड्याने डॉक्टरांनी तपासायला बोलावलं तेव्हा मी किल्ली घेऊन दारात उभी, तर ती चपला घालत म्हणाली, "मी रिक्षा सांगितलीय." त्याच्या पुढच्या वेळीही रिक्षा. देवळात जायचं तरी रिक्षा. गाडी बदामाच्या झाडाखाली उभी राहिली आणि तिच्यावर पानं साठत गेली. आई माझ्या गाडीत पुन्हा बसेल का, एवढा एकच प्रश्न त्या पावसाळ्यात माझ्यापुढे होता.

मग होड्या वर ओढल्या गेल्या, निळी ताडपत्री पांघरून रांगेने बसल्या. बंदरावर जाळी शिवणाऱ्यांचे रेडिओ तेवढे वाजायचे. चिकूच्या वाड्यांमधून ओल्या पानांचा वास यायचा, घरातलं मीठ पाणी धरायचं, आणि दिवसातून दोनदा लाइट जायची. आई आयुष्यात पहिल्यांदा रिकामी बसली होती. एका हाताने काय होतं? ती लसूण सोलायला घ्यायची आणि चिडून ठेवून द्यायची. शेवटी एका संध्याकाळी माझ्या मागच्या खाटेवर येऊन बसली. मी वर्षभर हा खेळ खेळत होते, तिने तोपर्यंत पडद्याकडे धड बघितलंही नव्हतं.

या गेममध्ये आपल्याच सगळ्यात चांगल्या फेरीची एक धूसर गाडी आपल्यापुढे पळत राहते. तिला गाठायचं असतं.

"ही पुढची कोण?" आईने विचारलं.

"मीच."

"आणि ही?"

"हीपण मीच. ती कालची, ही आजची."

"मग कालची पुढं कशी?"

तीन आठवडे मी त्याच एका ट्रॅकवर, त्याच गाडीत, दोन मिनिटांच्या आत फेरी मारायला धडपडत होते आणि कालची मी रोज पुढे निघून जात होते. मी मोठ्या वळणाला ब्रेक मारला, आत वळले, टायर किंचाळले. मागून आवाज आला, "सांडलं."

मी वळून बघितलं. आईचे डोळे मिटलेले होते.

हे 'सांडलं' समजायला आईचा टेम्पो माहीत पाहिजे. तीस वर्षं ती टेम्पोच्या हौद्यात बसून बाजाराला गेली. ड्रायव्हरच्या केबिनला पाठ टेकवून, पाय पसरून, आणि दोन पायांमध्ये बर्फातल्या मावऱ्याचा टब. रस्ता तिला कधी दिसला नाही. दिसायची ती मागे पडत जाणारी झाडं. ड्रायव्हरने ब्रेक वाईट मारला की बर्फाचं पाणी उसळून तिच्या मांडीवर यायचं, आणि ओल्या लुगड्याने दिवसभर बाजारात बसायला लागायचं. त्यामुळे डहाणूपासून उधव्यापर्यंतचं एकेक वळण तिच्या कमरेला पाठ आहे. कुठला ड्रायव्हर कसा, हे ती किती सांडलं त्यावरून सांगायची. सगळ्यात वरचा नंबर वेवजीच्या रमणभाईंचा. ते सुटायच्या आधी मागे वळून विचारायचे, "बेन, बराबर बसली ने?" आणि मगच गाडी हलवायचे. आई सांगते, तीस वर्षांत चालत्या गाडीत तिला झोप लागली ती फक्त रमणभाईंच्या टेम्पोत. बाकी कुणाच्याही गाडीत ती टक्क जागी, हात टबावर.

मी पुन्हा फेरी सुरू केली. पुन्हा "सांडलं." पुढच्या वळणावर पुन्हा. मी वैतागले.

"अगं, ब्रेक तर मारायलाच पाहिजे ना?"

"दाबते बरोबर," आई म्हणाली. "सोडते वाईट."

मी चिडूनच तिला ब्रेकचा आलेख दाखवला. फेरी संपली की आपण कुठे किती ब्रेक दाबला, कधी सोडला, याची एक रेघ पडद्यावर बघता येते. माझी रेघ सरळ वर चढत होती आणि तशीच सरळ खाली कोसळत होती. आईने ती बोटाने चाचपली. "हा बघ कडा. दाबलं, आणि एकदम पाय काढला. पाय काढला की गाडी तोंड वर करते, आणि तेव्हाच तू तिला वळायला सांगते. ती कशी वळणार?" मग तिने चांगल्या हाताने पडद्यावर लांब उतार काढला. "अशी पाहिजे. आपली ओहोटी जाते ने, तशी. गेलेली कळत नाही."

जगभरचे शिकवणारे हेच सांगतात. सुरुवातीला ब्रेक भक्कम दाबा, आणि जसजसं चाक वळवाल तसतसा तो हळूहळू सोडत न्या, म्हणजे गाडीचं वजन पुढच्या टायरांवर टिकून राहतं आणि नाक वळणाच्या आत येतं. मी हे दहा व्हिडिओंत ऐकलं होतं आणि दहाही वेळा मान डोलावली होती. पण पायाला ते कळलं नव्हतं. आईने दुसऱ्या दिवशी मला अंगणात उभं केलं आणि डोक्यावर भरलेली पाटी दिली. "उतरव." मी उतरवली, शेवटच्या वितीला सोडून दिली, पाटी धप्पकन आपटली. "पाटी जमिनीला टेकेपर्यंत हातात असते," ती म्हणाली. "टेकल्यावर हात काढायचे." चार वेळा उतरवून घेतली. शेजारचे बघत होते. त्यांना वाटलं असेल, आता हिचा हात मोडलाय म्हणून मुलीला धंद्याला लावतेय.

पेडलांचा एक जुना त्रास होता. ब्रेक जोरात दाबला की ती फरशीवरून पुढे सरकायची, आणि मी अर्धी खुर्चीतून खाली घसरून शर्यत करायचे. त्यामुळे पाय कधी दोनदा सारखा पडायचाच नाही. मी रबर लावलं, चिकटपट्टी लावली, एकदा तर तांदळाची पिशवी ठेवली. आईने एका हाताने पाटा कलंडवत कलंडवत आणला, भिंत आणि पेडलं यांच्यामध्ये सरकवला आणि म्हणाली, "आता दाब." पेडल हललं नाही. त्या एका संध्याकाळी मी दीड सेकंदाने सुधारले, आणि घरात चटणी मिक्सरची सुरू झाली. आईने वर्षभर तो लगदा खाल्ला, एकदाही पाटा परत मागितला नाही. हे मला आज टेबलाखाली उकिडवं बसल्यावर लक्षात आलं.

सगळंच तिचं बरोबर असायचं असं नाही. एकदा तिच्या मनात आलं की परीक्षा नीट झाली पाहिजे. तिने काठोकाठ भरलेला तांब्या आणून स्टिअरिंगशेजारी टेबलावर ठेवला. "यातलं सांडता कामा नये." मी पहिल्याच वळणावर कडेच्या खडबडीत पट्टीवर गेले, चाकाने झटके दिले, टेबल थरथरलं, आणि तांब्या थेट खालच्या विजेच्या बोर्डावर आडवा झाला. ठप्प! घरातली लाइट गेली. आई अंधारात म्हणाली, "सांडलं." त्यानंतर आम्ही दोघी इतक्या हसलो की तिचा प्लास्टरचा हात दुखायला लागला.

त्या अंधारात तिने मला विचारलं, "ही खोटी गाडी अंगाला लागत नाही, मग तुला कळतं कसं?" मी सांगितलं, डोळ्याने, कानाने आणि हातातल्या चाकाने. बसल्या जागेला काहीच कळत नाही, हीच त्यातली अडचण. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आमची जोडी मोठी गमतीची आहे. तिने तीस वर्षं रस्ता न बघता प्रवास केला, नुसत्या कमरेने. मी वर्षभर जागची न हलता प्रवास केला, नुसत्या डोळ्यांनी. दोघींचा मिळून एक धड ड्रायव्हर होत होता.

सेटअपच्या बाबतीत तर मी पार वाया गेलेली होते. गेममध्ये गाडीचं सगळं बदलता येतं. टायरमधली हवा, स्प्रिंग किती कडक, ब्रेकचा जोर पुढच्या चाकांना किती आणि मागच्यांना किती. फेरी बिघडली की मी सहा गोष्टी एकदम बदलायचे. कधी वेळ सुधारायचा, कधी बिघडायचा.

"आत्ता बरी पळाली," आई एकदा म्हणाली. "काय केलं?"

"खूप काय काय केलं."

"त्यातलं कशानं झालं?"

मी बदलांची यादी वरखाली करत राहिले.

"टेम्पो एका अंगाला ओढायला लागला की आम्ही एकच पाटी हलवायचो. मग थोडं जायचं, बघायचं. चार पाट्या एकदम हलवल्या तर नडत होती ती कुठची, कसं कळणार?"

त्या दिवसापासून मी दवाखान्यातल्या जुन्या वहीत लिहायला लागले. एका दिवशी एकच बदल, आणि तीन फेऱ्या. माझी गाडी वळणात आत यायला कुरकुर करायची, नाक बाहेर बाहेर जायचं. आई म्हणाली, मागे जड मावरं भरलं की टेम्पोचं असंच व्हायचं, पुढची चाकं नुसती टेकलेली राहायची. मी पुढचे स्प्रिंग जरा मऊ केले. बाकी कशालाही हात लावला नाही, फार मोह झाला तरी. गाडी वळली. वहीत त्या पानावर आईचा अंगठा आहे, चटणीचा.

आषाढातल्या एका संध्याकाळी ती फेरी झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, आई मागे खाटेवर डोळे मिटून. पहिलं वळण गेलं, ती काही बोलली नाही. मोठं वळण आलं. दाबला, आणि चाक वळत गेलं तसा पाय ओहोटीसारखा उचलत नेला. टायर नुसते गुणगुणले. कालची मी शेजारी दिसली, मग मागे पडली. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा दोन मिनिटांना थोडं कमी होतं. मी वळले. आई म्हणाली, "नाही सांडलं."

मी आनंदाने वेडी झाले होते. त्या भरात म्हणून गेले, "आई, उद्या प्लास्टर काढायला आपल्या गाडीने जाऊ या?"

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "रिक्षा सांगितलीय."

मला इतका राग आला की मी स्टिअरिंगवर हात आपटला. "आता तर तूच म्हणालीस सांडलं नाही! अजून काय शिकू मी? सरळ सांग ना, माझ्या गाडीत बसायची भीती वाटते म्हणून."

"भीती कसली?" आई म्हणाली. "तीस वर्षं कोणाकोणाच्या टेम्पोत बसले मी. प्यालेल्यांच्यापण बसले. ब्रेक सगळ्यांनाच मारायला लागतो, बाय." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू त्या दिवशी उतरली आणि पुढं गेली. टँकरला लागलं का ते बघितलं. मी खालून हाक मारत होते. रमणभाई थांबले की आधी मागं बघायचे."

पावसाचा आवाज पत्र्यावर होता म्हणून बरं. मला तोंड लपवायला जागा नव्हती. महिनाभर मी पाय कसा उचलायचा ते शिकत होते आणि माझी चूक पायाची नव्हतीच. शर्यतीत सगळं पुढे असतं. पुढचं वळण, पुढची गाडी, पुढे पळणारी कालची आपण. मागे कुणी बसलेलं नसतं. मी खाटेपाशी खाली बसले, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "चुकलं माझं." इतक्या दिवसांत मी हे म्हटलंच नव्हतं. हाड जुळेल म्हटलं होतं, औषध आणते म्हटलं होतं. आईने चांगल्या हाताने माझे केस मागे सारले. "कळलं ने. झालं तर मग." पण दुसऱ्या दिवशी ती रिक्षानेच गेली.

प्लास्टर निघालं, मनगट मात्र ताठ राहिलं. पाटी उचलवेना. पावसाळा संपून होड्या परत पाण्यात गेल्या तरी आई डहाणूच्याच बाजारात कोपऱ्यावर बसायची, चालत जाऊन चालत यायची. तलासरीची तिची जागा, पिंपळाजवळची, रिकामी होती. अशी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. म्हणून मी सुट्टीचा वार बदलून घेतला आणि बाजाराच्या दिवशी तिथे जाऊन बसायला लागले. मला विकता येत नाही. उधव्याची लखमी, आईचं जुनं गिऱ्हाईक, पहिल्याच दिवशी माझ्यासमोर बसून हसली. "तुझ्या आयेचा हात मोठा. तू औषध मोजतेस काय?" आणि दर वेळी उठताना विचारायची, "आये कधी येल?"

मी घरी आले की आई काही विचारत नसे. सरळ जाऊन डिकी उघडायची, पाट्या कशा बसल्यात ते बघायची. "सांडलं?" "नाही." पहिल्यांदा तिने माझ्याबरोबर नुसत्या गोण्या दिल्या. मग पाट्या दिल्या. थंडीत एकदा लखमीसाठी बोंबलाच्या कालवणाचा डबा दिला, तोही सैल झाकणाचा, मुद्दाम. मी तो डबा सीटखाली ठेवला आणि डहाणू ते तलासरी सगळा रस्ता पाय ओहोटीसारखा उचलत गेले. मागून हॉर्न वाजत होते. डब्याबरोबर लखमीचा निरोप परत आला, झाकण कोरडं होतं. आईने तो दोनदा वदवून घेतला.

त्याच खेपेला मी चारोटीच्या एका दुकानातून एक लहान गोल आरसा घेतला आणि गाडीतल्या मोठ्या आरशाखाली चिकटवला. मोठ्या आरशात मागचा रस्ता दिसतो. लहान आरसा मी मागच्या सीटवर रोखला. एका वेळी एकच बदल. कित्येक महिने त्यात गोण्याच दिसत राहिल्या.

होळीच्या आधी आई गाडी पुसत होती. माझी गाडी ती पुसते हेच नवीन होतं, म्हणून मी खिडकीतून बघत राहिले. तिने मला गाडीपाशी बोलावलं.

"हा कशाला?"

"मागे बघायला."

"मोठा आहे ने?"

"त्यात रस्ता दिसतो."

आई पुढच्या सीटवर गुडघा टेकवून वाकली होती. तिने त्या लहान आरशात बघितलं, मागची रिकामी सीट तिला दिसली असणार. पदराच्या टोकाने आरसा पुसला, दोनदा, आणि गाडीतून उतरली.

आणि आज सकाळी तिने पाटा मागितला. मी आणून दिला. ती डावा हात जपत, उजव्याने जोर लावत चटणी वाटत राहिली, सुका जवळा, लाल मिरची, लसूण. मी गोण्या गाडीकडे न्यायला सुरुवात केली. परत आले तर ती भाकऱ्या फडक्यात बांधत होती. मी एकटी जाते तेव्हा दोन भाकऱ्या असतात. आज चार होत्या.

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने एखादवेळेस दोन परत काढल्या असत्या.

माल तिने उभं राहून भरून घेतला. "जड मध्ये. ती पाटी इकडे. नको, एकच हलव." मग मागच्या सीटवर गोण्यांशेजारी बसली. मी वाकून तिचा पट्टा लावला, तर म्हणाली, "बांधून नेते काय?" मी स्टिअरिंगवर बसले, मागे वळले आणि विचारलं, "आई, बरोबर बसलीस ने?" ती खिडकीतून बाहेर बघत "हां" म्हणाली, पण ओठ हसत होते.

चारोटीपर्यंत ती टक्क जागी, हात पाटीवर. लहान आरशात मी सारखी तिच्याकडे बघत होते. एकदा नजरानजर झाली. "पुढं बघ," ती म्हणाली. हायवेला लागताना मी वेग आणखी कमी केला. तेच वळण, तसेच टँकर. आणि नेमकी डावीकडून एक पिकअप आडवी घुसली. मी दाबला. भक्कम दाबला, आणि गाडी थांबत आली तसा पाय उचलत नेला, टेकेपर्यंत. थांबले. आधी मागे वळले.

"आहे मी," आई म्हणाली. "चल."

त्यानंतर बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटलं, घाबरली. तलासरीच्या अलीकडे रस्ता जरा मोकळा मिळाला तेव्हा मी आरशात बघितलं. आईची मान गोणीवर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि तिचा हात पाटीवरून सुटून मांडीवर पडला होता. आई झोपली होती.

बाजारात पोचले तेव्हा बायका पाट्या मांडत होत्या, जागेवरून भांडणं सुरू झाली होती. इंजिन बंद केलं तर ती जागी होईल म्हणून मी ते चालूच ठेवलं. लखमी लांबूनच गाडी बघून आली, खिडकीशी वाकली आणि नेहमीसारखं मोठ्याने विचारायला लागली, "आये कधी..." मी ओठांवर बोट ठेवलं आणि मागे दाखवलं. लखमीने काचेतून आत बघितलं, किती तरी वेळ बघितलं. मग ती पिंपळाजवळ गेली, आईच्या जागेवर स्वतःची टोपली ठेवली आणि टोपलीशेजारी बसून राहिली.